हातचा, कोंबडा आणि बदक

२०१२ च्या ऑक्टोबरात मँचेस्टरच्या विज्ञान महोत्सवात काही धडधाकट, शिकलीसवरलेली माणसे जमिनीवर रांगत होती. प्रत्येकाच्या हातात डॉमिनोच्या सोंगट्या होत्या आणि चेहऱ्यावर कोणी शिंकू नये अशी काळजी होती. सोंगट्या होत्या जवळजवळ दहा हजार. या रांगणाऱ्यांचा म्होरक्या मॅट पार्कर. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, एकेकाळचा गणिताचा मास्तर, आता रंगमंचावर उभा राहून गणित या विषयावर लोकांना हसवतो. (रडवणाऱ्यांची संख्या या क्षेत्रात आधीपासून भरपूर असल्याने त्याला ही जागा मोकळी मिळाली.)

एवढा खटाटोप कशासाठी, तर बेरजेसाठी. तीन बिटांचा (बिट म्हणजे फक्त शून्य किंवा एक) एक आकडा अधिक तीन बिटांचा दुसरा आकडा. म्हणजे मजल जाऊन जाऊन कुठवर जाणार, तर सात अधिक सात. दुसरीतले पोर नाक पुसता पुसता चौदा म्हणून मोकळे होईल. शिवाय बेरीज झाली की यंत्र आडवे. दुसरी बेरीज करायची असेल तर पुन्हा गुडघे टेका, पुन्हा दहा हजार सोंगट्या उभ्या करा.

डोंगर पोखरून उंदीर काढणे यालाच म्हणतात. पण पार्करच्या मंडळींना उंदराशी कर्तव्यच नव्हते, त्यांना पोखरण्याची हौस होती. उत्तर सगळ्यांना ठाऊक होते. ते चालत कसे येते, एवढेच बघायचे होते. खिशातला मोबाइल अशा अब्जावधी बेरजा सेकंदात उरकतो, पण त्यातली एकही डोळ्यांना दिसत नाही. सोंगट्यांची बेरीज शेवटच्या रांगेतल्या माणसालासुद्धा दिसते, ऐकूही येते.

तिची युक्ती अशी. दोन रांगा येऊन तिसऱ्या रांगेला मिळतात. एकच रांग पडत आली तर ती तिसरीला ढकलते आणि निरोप पुढे जातो. दोन्ही एकाच वेळी आल्या तर एकमेकींचा रस्ता आधीच पाडून बसतात, मग पुढे कोणीच जात नाही. एक अधिक एक, खाली मांडा शून्य. आणि हातचा? हातच्यासाठी वेगळी रांग काढलेली असते. ती वळसे घेत डावीकडच्या घराकडे निघते. वळसे मुद्दाम घातलेले, कारण हातचा वेळेआधी पोचला तरी पंचाईत आणि उशिरा पोचला तरी पंचाईत. अर्धी मेहनत बेरजेवर नाही, हातच्याच्या वेळापत्रकावर खर्च होते.

आकडे मोजणाऱ्या सगळ्या यंत्रांचे दुखणे हेच. मोजणे सोपे आहे, चाक एक घर पुढे सरकवले की मोजले. घोडे पेंड खाते ते हातच्यापाशी, वहीतही आणि यंत्रातही.

ब्लेझ पास्कलला हे फार लवकर कळले. १६४२ साली तो एकोणीस वर्षांचा होता आणि वडील फ्रान्समध्ये रुआँ येथे सरकारी करांचे हिशेब जुळवून बेजार झाले होते. फ्रेंच नाणी आपल्या रुपये-आणे-पैच्या गोत्रातली: बारा देनिए म्हणजे एक सू, वीस सू म्हणजे एक लीव्र. १९५७ साली नवे पैसे आले तोवर ज्यांनी सोळा आण्यांचा आणि बारा पयांचा हिशेब केला, त्यांना थोरल्या पास्कलबद्दल लगेच माया वाटेल. मुलाने वडिलांसाठी पितळी चाकांचे यंत्र करायला घेतले. पण ९९,९९९ मध्ये एक मिळवायचा तर पाची चाके एकदम फिरायला हवीत आणि तेवढा जोर हिशेबनिसाच्या बोटात कुठून यायचा?

पास्कलने प्रत्येक चाकाला एक छोटे वजन जोडले. चाक पुढे जाईल तसे ते हळूहळू वर उचलले जाते. नऊचा शून्य झाला की धप्पकन खाली पडते आणि शेजारच्या चाकाला एक घर ढकलते. म्हणजे हातचा देण्याचे काम गुरुत्वाकर्षणाकडे, आणि तेही बिनपगारी. अडचण एवढीच की पडणारे वजन उलटे वर पडत नाही, त्यामुळे चाके मागे फिरेनात. यंत्राला बेरीज सरळ येई, वजाबाकी मात्र आडवळणाने, पूरक संख्या घेऊन करावी लागे. करवसुली खात्याला तेही चालण्यासारखे होते.

पास्कलचे पडणारे वजन साडेतीनशे वर्षांनी कॅनडात गोटीच्या रूपाने पुन्हा जन्माला आले. माथियास वँडेल हा ब्लॅकबेरी फोन काढणाऱ्या कंपनीतला जुना इंजिनिअर. तिथून बाहेर पडला आणि सुतारकामाला लागला. २००७ साली त्याने लाकडी बेरीज-यंत्र केले. त्यात तिरक्या फळीवर सहा झुलते ठोकळे आहेत. वरून गोटी सोडली की ती ठोकळ्यात अडकून बसते, म्हणजे त्या घरात एक. त्याच घरात दुसरी गोटी टाकली की ठोकळा टक् करून पलीकडे कलंडतो. एक गोटी खाली निघून जाते आणि एक घरंगळत डावीकडच्या घरात जाते. ही दुसरी गोटी म्हणजे हातचा. बघा, हातात घेता येतो, खिशात घालता येतो, हरवला तर पलंगाखाली शोधता येतो. सहा घरांची झेप त्रेसष्टपर्यंत. चौसष्टावा आला की गोटी यंत्राबाहेर, आणि यंत्राचा चेहरा कोरा.

या यंत्राची चित्रफीत पाहणाऱ्यांतले बहुतेक जण बेरीज शिकायला येत नाहीत, टक्-टक् ऐकायला येतात. त्यात गैर काही नाही. बँकेत जाऊन पासबुक छापणाऱ्या यंत्राची करकर ऐकली की बरे वाटणारे लोक आपल्यातही आहेत.

हिशेबाचे यंत्र आणि खेळणे यांची सोयरीक मात्र आजची नव्हे. ती जुळवायला निघालेला पहिला बडा माणूस खुद्द चार्ल्स बॅबेज. आधुनिक संगणकाचा आजोबा म्हणून त्याचे चित्र पाठ्यपुस्तकात असते, कपाळावर आठ्या घातलेले. आठ्यांना कारण होते. १८२० च्या दशकात त्याने कोष्टके छापणारे ‘डिफरन्स इंजिन’ काढले. ब्रिटिश सरकारने त्यावर सतरा हजार पौंडांहून अधिक ओतले आणि १८४२ साली हात वर केले. यंत्र अपुरेच. मग पुढचे, त्याहून मोठे ॲनॅलिटिकल इंजिन डोक्यात घोळत असताना पैसा उभा कसा करायचा, या विवंचनेत बॅबेजला एक कल्पना सुचली. फुली-गोळा खेळणारे यंत्र करायचे आणि तिकीट लावून गावोगाव दाखवायचे!

१८६४ साली छापलेल्या आठवणींत त्याने हा बेत सविस्तर सांगितला आहे. यंत्रावर दोन मुलांच्या बाहुल्या, सोबत एक कोकरू आणि एक कोंबडा. जिंकणारे पोर टाळ्या वाजवणार आणि कोंबडा आरवणार. हरणारे पोर हात चोळत रडणार आणि कोकरू बें बें करणार. ज्या माणसाने छापखान्यातली एकेक चूक टाळण्यासाठी पितळेचे मनोरे रचले, तो आता कोकराचा आवाज कसा काढावा याचा विचार करत होता. पैशाची तंगी भल्याभल्यांकडून काय काय करवून घेते.

बॅबेज पडला शास्त्रज्ञ. त्याने आधी बाजाराची चौकशी केली. तेव्हा कळले की लंडनमध्ये नुकतेच लॅटिन श्लोक रचणारे यंत्र दाखवण्यात आले होते आणि त्याच्या मालकाला फारसे काही सुटले नव्हते. बोलणाऱ्या यंत्राचीही तीच गत. गर्दी खेचली होती ती जनरल टॉम थंब या सुमारे दोन फुटी कलावंताने. तात्पर्य, लंडनकरांना यंत्रात रस नव्हता. बॅबेजने कोंबडा मनातच ठेवला. (श्लोक रचणारे यंत्र १८४५ मधले आणि ते पडले, ही बातमी आज कविता लिहून देणारी यंत्रे विकणाऱ्यांपर्यंत पोचलेली दिसत नाही.)

फुली-गोळा तरीही संपला नाही. १९६१ मध्ये एडिंबरोत डोनाल्ड मिची नावाच्या शास्त्रज्ञाला, यंत्र अनुभवातून शिकू शकते हे सिद्ध करायचे होते. मिची महायुद्धात ब्लेचली पार्कला सांकेतिक संदेश फोडणाऱ्यांपैकी होता. तेव्हा डोके होते, पण हाताशी संगणक नव्हता. त्याने ३०४ काडेपेट्या गोळा केल्या आणि चिकटवून कपाट केले. प्रत्येक पेटीवर डावातली एक स्थिती काढलेली, आत रंगीत मणी, नऊ घरांचे नऊ रंग. यंत्राची पाळी आली की त्या स्थितीची पेटी काढायची, खुळखुळवायची आणि तिरपी करायची. आत पुठ्ठ्याचा कोपरा बसवलेला आहे. त्या कोपऱ्यात जो मणी येऊन बसेल, ती यंत्राची चाल.

यंत्र हरले की त्या डावात वापरलेले मणी जप्त. बरोबरी झाली तर प्रत्येक पेटीत त्याच रंगाचा एक मणी बक्षीस, जिंकले तर तीन. सुरुवातीला काडेपेट्या अगदीच भोट खेळल्या. दोनशेहून अधिक डाव झाले तेव्हा मिचीला त्यांच्याशी खेळणे जड जाऊ लागले. आज यंत्र-शिक्षणाच्या नावाने जे प्रचंड कारखाने चालतात, त्यांतली शाबासकीची आणि शिक्षेची कल्पना याच घराण्यातली आहे. फरक इतकाच की मिचीच्या यंत्राचा वीजखर्च शून्य होता आणि आत काय चालले आहे ते पेटी उघडून बघता येई. यंत्राचे नाव ‘मेनेस’. गणितप्रेमी लोक आजही ते नव्याने बांधतात आणि जत्रेत मांडतात. अर्थात हल्ली ३०४ काडेपेट्या जमवणे हाच प्रयोगातला अवघड भाग झाला आहे.

आणि आता बदक. १९७० च्या दशकात एमआयटीच्या काही विद्यार्थ्यांनी (डॅनी हिलिस आणि ब्रायन सिल्व्हरमन त्यांतले ठळक) टिंकरटॉयचा संगणक केला. टिंकरटॉय म्हणजे लहान मुलांच्या लाकडी काड्या आणि भोके पाडलेल्या चकत्या, एकमेकांत खोचून घरे-गाड्या करण्याचे सामान. एमआयटीच्या पोरांनी त्याचे हजारो तुकडे आणि गळाची दोरी घेऊन फुली-गोळा खेळणारे लाकडी धूड उभे केले. पटावरच्या ४८ स्थिती एकाखाली एक अशा रचलेल्या. समोरून एक लाकडी ठोकळा घसरत खाली येतो. चालू डावाशी जुळणारी स्थिती भेटली की तिथे अडतो आणि त्याबरोबर वर बसलेले एक लाकडी बदक झोका घेऊन खाली येते. त्याची चोच ज्या आकड्यावर टेकेल, ती यंत्राची चाल!

बदकाची काही गरज नव्हती, साधा बाण लावला असता तरी भागले असते. पण ज्यांना बदक लावावेसे वाटले, त्यांनी बॅबेजचे अर्धवट राहिलेले काम पुरे केले, असेच म्हणायला हवे. कोंबड्याऐवजी बदक आले, पक्षीजात कायम राहिली.

खरी गंमत यापुढे आहे. १९७८ चे हे यंत्र अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात हॉट स्प्रिंग्ज या गावच्या संग्रहालयात ठेवले गेले. आणि याच हॉट स्प्रिंग्जमध्ये प्राण्यांना शिकवून तयार करणारी एक कंपनी होती, जिची फुली-गोळा खेळणारी जिवंत कोंबडी अमेरिकेतल्या जत्रांमधून आणि खेळघरांतून गाजली. नाणे टाकायचे, कोंबडी खुराड्यातल्या पाटीवर चोच मारणार, आणि माणूस बहुधा हरणार. चाल ठरवायचे ते आतले विजेचे मंडल. कोंबडीचे काम चोच मारून दाणा मिळवण्याचे. एकाच गावात लाकडी बदक स्वतःच्या अकलेने खेळत होते आणि जिवंत कोंबडी यंत्राच्या सांगण्यावरून. तिकीट मात्र कोंबडीचेच जास्त खपले असणार. बॅबेजने केलेली बाजारपाहणी अचूक होती.

हे सगळे रिकामटेकडे उद्योग, असे वाटणाऱ्यांसाठी मँचेस्टरचेच दुसरे उदाहरण आहे. १९३३ साली डग्लस हार्ट्री हा शास्त्रज्ञ अमेरिकेत व्हॅनेवर बुशचे ‘डिफरन्शियल ॲनॅलायझर’ पाहून आला. कठीण समीकरणे फिरत्या दांड्यांनी आणि चकत्यांनी सोडवणारे ते खोलीभर यंत्र होते. तसले करायला पैसे नव्हते. हार्ट्रीने १९३४ मध्ये आर्थर पोर्टर या विद्यार्थ्याला हाताशी धरून ते मेकॅनोत बसवले. तोच मेकॅनो, वाढदिवसाला मिळणारा, ज्याचे स्क्रू दुसऱ्या दिवसापासून केरात सापडतात. खर्च साधारण वीस पौंड. उत्तरे दोन टक्क्यांच्या आसपास अचूक, म्हणजे खरोखर कामाला येण्याजोगी. ते बघून देणगीदार पुढे आला आणि मोठे यंत्र झाले. बॅबेजने सतरा हजार पौंडांत जे साधले नाही, ते वीस पौंडांच्या खेळण्याने साधले. मेकॅनोच्या तुकड्यांत बॅबेजचे डिफरन्स इंजिन पुढे टिम रॉबिन्सनने उतरवले आणि लेगोत अँड्र्यू कॅरॉलने. कॅरॉल तेवढ्यावर न थांबता २०१० साली दोन हजार वर्षांपूर्वीचे, ग्रहणे वर्तवणारे ग्रीक अँटिकिथेरा यंत्रही लेगोत करून मोकळा झाला. ग्रहणे बरोबर येतात म्हणे, पाळायची की नाहीत ते ज्याचे त्याने ठरवावे.

पैसा पाण्यासारखा वाहतो, हे आपण नुसते म्हणतो. बिल फिलिप्स या न्यूझीलंडच्या माणसाने १९४९ मध्ये तो खरोखर वाहवला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्याने दोन मीटर उंचीचे, पारदर्शक टाक्यांचे आणि नळ्यांचे यंत्र मांडले. त्यात रंगीत पाणी म्हणजे देशाचे उत्पन्न. कर या नळीने खाली, बचत त्या नळीने बाजूला, आयात बाहेर, निर्यात आत. तोट्या फिरवायच्या आणि देश कसा चालतो ते बघायचे. काही भाग लढाईतल्या लँकॅस्टर विमानांच्या भंगारातले होते. जमलेले विद्वान टिंगल करायच्या तयारीने आले होते, ते पाणी बघत बसले. असली डझनभर यंत्रे पुढे जगभर गेली आणि ती गळत. गळणाऱ्या अर्थव्यवस्थेचे इतके प्रामाणिक चित्र कुठल्याही अंदाजपत्रकात सापडायचे नाही.

जपान्यांनी तर हद्द केली. कोबे विद्यापीठातल्या युकिओ-पेगिओ गुंजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेकड्यांना गणिताला जुंपले. किनाऱ्यावर थव्याने फिरणारे शिपाई खेकडे, चाळीस-चाळीसचे दोन गट. मार्गिकांत सोडायचे, पक्ष्याची सावली पडल्याचा आभास करून पळवायचे. दोन थवे समोरासमोर आले की एक होऊन तिसऱ्याच दिशेने चालू पडतात. त्यावरून संगणकातला ‘किंवा’चा दरवाजा करून दाखवला, तो चांगला चालला. ‘आणि’चा मात्र तेवढा भरवशाचा निघाला नाही. खेकड्यांच्या टोपलीला झाकण का लागत नाही, हा विनोद ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला यात आश्चर्य वाटू नये. आपल्याला आश्चर्य वाटते ते ते एकत्र चालले याचे.

या सगळ्यांत सर्वांत समंजस वस्तू जपानच्याच शार्प कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस काढली. एका बाजूला कॅल्क्युलेटर, दुसऱ्या बाजूला सोरोबान, म्हणजे मण्यांची जपानी पाटी. दोन्ही एकाच डबीत. कॅल्क्युलेटरने केलेला हिशेब मण्यांवर पडताळून बघण्याची सोय. १९४६ साली तोक्योत अमेरिकन शिपायाचे विजेचे गणकयंत्र आणि जपानी कारकुनाचा सोरोबान यांची जाहीर स्पर्धा झाली होती. सोरोबानने ती ४-१ ने मारली. तेव्हा अविश्वास निराधार नव्हता. आपल्याकडचे जुने किराणा दुकानदारही कॅल्क्युलेटर दाबून झाल्यावर ओठांतल्या ओठांत एकदा बेरीज करून घेतात. त्यांच्यासाठी मात्र कोणी डबी काढली नाही.

वाचकांपैकी कोणाला घरी काही करून बघायचे असेल, तर दहा हजार सोंगट्या आणि ऐंशी खेकडे सोडून द्यावेत. गणिताची कोडी लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने १९६२ साली सुचवलेला ‘हेक्सापॉन’ घ्यावा. तीन बाय तीनचा पट, समोरासमोर तीन-तीन प्यादी, बुद्धिबळातल्या प्याद्यांच्याच चाली. पलीकडे पोचला, समोरच्याची सगळी प्यादी मारली किंवा त्याला हलायला जागा ठेवली नाही, की जिंकला. मिचीच्या पद्धतीने काडेपेट्या लागतात फक्त २४. यंत्राला दुसरी खेळी द्यायची आणि हरले की त्याच्या शेवटच्या चालीचा मणी काढून घ्यायचा, एवढेच. साधारण डझनभर वेळा मार खाल्ला की ते हरायचे थांबते. मण्यांऐवजी साबुदाणा वापरू नये, सगळे दाणे एकाच रंगाचे असतात. रंगीत बडीशेप चालेल, पण मग जप्त केलेल्या दाण्यांचा हिशेब मुलांकडून परत मिळेल अशी आशा ठेवू नये.

मे महिन्याची सुट्टी त्यासाठी बरी. काडेपेट्या आतापासून साठवायला लागा.